कोबीला फूल का येत नाही?

संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपणही काही आठवणी लिहून द्याव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही काही दिवस विचारात पडलो. पत्र्याच्या दोन खोल्यांत भरलेले पहिले वर्ग, गावोगाव फिरून गोळा केलेले धान्य, पहिल्या तुकडीचा निकाल, या गोष्टींवर आमचे ज्येष्ठ सहकारी आमच्यापेक्षा अधिकाराने लिहितील. म्हणून आम्ही एका चुकीविषयी लिहिण्याचे ठरवले. ती चूक आम्ही याच शाळेच्या व्यासपीठावरून, भरसभेत केली होती; आणि ती आमच्या ध्यानात आणून देणारी आमचीच नववीतील एक विद्यार्थिनी होती. विषय इतिहासाचा नव्हता, वनस्पतिशास्त्राचा होता. इतिहासाच्या शिक्षकाने त्यात कसे पाऊल टाकले, हे आधी सांगितले पाहिजे.

भोजनगृहामागचा भाजीमळा माजी विद्यार्थ्यांना आठवत असेलच. कार्यानुभवाच्या तासाला आळी करायची, पाणी द्यायचे, तण काढायचे आणि मुख्याध्यापकांची नजर चुकवून कोवळा मुळा पळवायचा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या अखेरीस, विज्ञानाच्या मॅडम रजेवर असल्याने तो तास आमच्याकडे आला. आम्ही बांधावर उभे होतो. एक मुलगी कोबीच्या वाफ्यात बसल्या बसल्या म्हणाली, "सर, मेथी न खुडता ठेवली तर फुलते. मुळाही ठेवला तर फुलतो. कोबीला फूल का येत नाही? आपण दर वर्षी बी विकतच का आणतो?"

"मग फ्लॉवर लाव की! त्याच्या नावातच फूल आहे," मागून एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. ती हसली नाही. तिचे आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. विकत आणण्याच्या वस्तूचा हिशेब त्या वयात तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होता.

भोजनगृहातील मावशी भाजी न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याला थंडी लागते म्हणे, गुरुजी. बियाण्याच्या दुकानदारानं सांगितलं. आपल्याकडची थंडी त्याला पुरत नाही." आम्ही मुलीला एवढेच म्हणालो, "वाचून सांगतो." शिक्षकाने हे वाक्य उच्चारले की त्याच्यावर ऋण चढते. ते फेडण्यासाठी आम्ही कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्याच एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने काही लेख पाठवले आणि जिथे आम्ही अडलो तिथे धीराने समजावून दिले. आमचा विद्यार्थी आमचा शिक्षक झाला, हा आनंद वेगळाच.

मावशींचे म्हणणे खरे होते. कोबी हे द्विवर्षायू पीक. पहिल्या हंगामात गड्डा धरायचा, कडक हिवाळा सोसायचा आणि वसंतात गड्डा फोडून फुलोऱ्याचा दांडा वर काढायचा, असे त्याचे जीवन. फुलण्यासाठी वाढलेल्या रोपाला साधारण १० अंश सेल्सिअसखालील थंडी सलग कित्येक आठवडे मिळावी लागते. आमच्याकडे पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन तापते. म्हणून कोबीचे बी हिमाचलातील कुल्लूसारख्या थंड डोंगराळ भागात धरले जाते. थंडीने वनस्पतीला फुलण्यास समर्थ करणाऱ्या या क्रियेला वासंतीकरण म्हणतात.

पण आम्हांला खिळवून ठेवले ते पुढच्या प्रश्नाने. फूल थंडीत येत नाही; थंडी संपल्यावर, ऊब आल्यावर येते. म्हणजे हिवाळा येऊन गेला, हे रोपाला लक्षात ठेवावे लागते. ज्याला मेंदू नाही, ते लक्षात कुठे ठेवते?

याचे उत्तर कोबीच्याच कुळातील अराबिडॉप्सिस नावाच्या एका चिमुकल्या रोपट्यात सापडले. मोहरीच्या या दूरच्या नातलगाची भाजी होत नाही की तेल निघत नाही. परंतु प्रयोगशाळेत ते लवकर वाढते आणि त्याचा जनुकसंच आटोपशीर आहे. २००० मध्ये तो संपूर्ण वाचला गेला. वनस्पतींमध्ये हा मान त्याला पहिल्यांदा मिळाला. त्यात सुमारे २५ हजार जनुके आहेत. मुळाच्या पेशीत तीच, पानाच्या पेशीत तीच, पाकळीतही तीच. मग मूळ मुळासारखे आणि पाकळी पाकळीसारखी कशी होते? कारण कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, कोणते जनुक वाचले जावे आणि कोणते मिटून ठेवावे, याचे नियमन होते. शास्त्रज्ञ त्याला जनुकाच्या अभिव्यक्तीचे नियमन म्हणतात.

आम्हांला ते समजले ते आमच्या विषयाच्या वाटेने. एम.ए.ला असताना आम्ही पुण्याचे पेशवे दफ्तर पाहायला गेलो होतो. जुनी कागदपत्रे तेथे कापडी रुमालांत बांधून फळ्यांवर रचलेली असतात. कागद आहे, त्यावर अक्षर आहे. पण गाठ सुटल्याखेरीज ते कुणाला वाचता येत नाही. पेशीतील डीएनएचेही तसेच. तो लांबच लांब धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो. एकेका गोळ्यात आठ हिस्टोने. कुठे गुंडाळी सैल, तेथील मजकूर वाचला जातो. कुठे घट्ट, तेथील मजकूर असून नसल्यासारखा.

गाठ कोणी मारायची आणि कोणी सोडायची, हे काम एकटे प्रथिन करीत नाही. अनेक प्रथिने मिळून संकुल बनवतात आणि ते संकुल काम करते. यातील एक महत्त्वाचे संकुल पॉलिकोम्ब कुळातील. या कुळाचा शोध प्रथम फळमाशीत लागला. पुढे ते वनस्पतींत आणि माणसातही आढळले. त्याचे गाभ्याचे घटक चार. त्यांतील एक घटक हिस्टोनाच्या ठरावीक जागी मिथिल गटाची खूण उमटवतो, पण इतर घटकांच्या साथीवाचून त्याचे काम नीट होत नाही. ती खूण म्हणजे रुमालावरची चिठ्ठीच: हे दप्तर बंद. अराबिडॉप्सिसमध्ये त्या खूण उमटवणाऱ्या घटकात बिघाड झाला, की पाने वळून कुरळी होतात, असे १९९७ मध्ये दिसून आले; कारण फुलात वाचायचे जनुक पानातच उघडे पडते. पानाने पान राहावे, यासाठीसुद्धा काही दप्तरे मिटलेली असावी लागतात.

आता हिवाळ्याकडे वळू. या रोपात एफएलसी नावाचे एक जनुक आहे. त्यापासून बनणारे प्रथिन फुलण्याला लगाम घालते. शरद ऋतूत एक संकुल हे जनुक उघडे ठेवते, म्हणून रोप अवेळी फुलत नाही. थंडी सुरू झाली की त्याचे वाचन मंदावते. पण एका थंड रात्रीवर रोप विश्वास ठेवीत नाही. थंडी आठवडेच्या आठवडे टिकली, तरच एक मदतनीस प्रथिन हळूहळू साचते, पॉलिकोम्ब संकुलाला जोडले जाते आणि एफएलसीच्या आरंभाच्या लहानशा भागावर बंदीची खूण उमटू लागते. ऊब परतल्यावर ती खूण साऱ्या जनुकावर पसरते. लगाम सुटतो, रोप फुलते. पेशीचे विभाजन होताना नव्या पेशींनाही ही खूण मिळते, म्हणून हिवाळा सरून गेल्यावरही त्याची आठवण टिकते.

इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इनिस सेंटरमध्ये कॅरोलिन डीन यांनी या एका प्रश्नाला अनेक दशके दिली. गणिती मार्टिन हॉवर्ड यांच्यासह त्यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले, की एकेका पेशीत हे जनुक अर्धवट मिटत नाही. ते उघडे असते किंवा बंद. थंडी जितकी लांबते, तितक्या अधिक पेशींत ते बंद होत जाते. रोपाची आठवण म्हणजे अशा असंख्य पेशींची बेरीज.

एवढे वाचून आम्ही भारावून गेलो. माणूस भारावला की घसरतो, तसे आम्ही घसरलो.

त्या वर्षी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादन सभेत आमचे भाषण होते. पटांगण भरलेले. पुढे विद्यार्थी, मागे आसपासच्या गावांतून आलेले पालक. आम्ही या रोपट्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, की एक क्षुद्र रोपटे हिवाळा विसरत नाही आणि आपल्या लेकरांनाही विसरू देत नाही. मग हजारो वर्षांचा अपमान आपले शरीर कसे विसरेल? आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसलेले तुमच्या-आमच्या पेशीपेशीत लिहिलेले आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. काही आयाबाया पदराने डोळे पुसत होत्या. आम्हांला वाटले, आज बाबासाहेबांना खरे अभिवादन घडले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी, बुद्धवंदनेनंतर, आम्ही वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसलो होतो. ती मुलगी आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"सर, एक विचारू? रागवणार नाही ना?"

"विचार की."

"कोबी थंडीची आठवण पोरांना देतो, असं तुम्ही काल म्हणालात. आपण जे बी आणतो, ते थंडीतून गेलेल्या झाडाचंच ना? मग ते इथं का फुलत नाही? त्याला पुन्हा थंडी का लागते?"

आम्ही गप्प झालो. उत्तर तिच्या प्रश्नातच होते. आईच्या आठवणीवर लेकराचे भागले असते, तर आपल्या मळ्यातील कोबी केव्हाच फुलला असता. ज्या प्रश्नापासून आम्ही निघालो होतो, तोच आमच्या भाषणाला खोटे ठरवीत होता. आणि आठ दिवस लेख वाचूनही ते आम्हांला दिसले नव्हते.

ती जाईना. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "सर, आजी आली होती कालच्या कार्यक्रमाला. घरी जाताना रडत म्हणाली, आपल्या रक्तातच लिहिलंय गं बाई, गुरुजीच म्हणाले. तसं असेल तर मग शाळेत येऊन काय उपयोग?"

एकतीस-बत्तीस वर्षांच्या सेवेत आम्ही अनेक प्रश्नांना सामोरे गेलो, पण या प्रश्नाने जशी मान खाली गेली तशी कधी गेली नाही. जन्मानेच सारे ठरते, असे शतकानुशतके ज्यांनी आमच्या पूर्वजांना ऐकवले, त्यांचेच वाक्य आम्ही त्या म्हातारीच्या पदरात टाकले होते. फक्त पोथीऐवजी प्रयोगशाळेचे नाव घेतले होते.

आम्ही पुन्हा त्या माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो क्षणभर थांबून म्हणाला, "सर, तो शेवटचा लेख तुम्ही उघडलाच नाही वाटतं." तो लेख २०१४ मधील होता. बी धरताना, भ्रूण घडत असताना, एफएलसीवरील बंदीची खूण पुसली जाते. हे आपोआप झिजणे नव्हे. खूण काढण्याचे काम करणारी प्रथिने वेगळी असतात. त्यांतील एकात मुद्दाम दोष निर्माण केला, तर जनुक पुरते उघडत नाही आणि आईचा हिवाळा काही अंशी लेकरात उतरतो. निरोगी रोपात तसे होत नाही. एका पिढीत आठवण जपायची आणि पुढची पिढी कोरी सुरू करायची, ही दोन्ही कामे रोप तितक्याच निगुतीने करते. ते योग्यही आहे. कारण नवे बी पुढच्या शरदात रुजणार. त्याने आईच्या हिवाळ्यावर भरवसा ठेवून फुलायला घेतले, तर स्वतःच्या हिवाळ्यात ते मरेल.

आणि मग आमच्याच विषयाने आम्हांला दुसरी चपराक दिली. रशियाचा इतिहास आम्ही वर्षानुवर्षे शिकवला होता. याच वासंतीकरणाच्या नावावर सोव्हिएत रशियात ट्रोफिम लायसेन्को मोठा झाला. भिजवलेल्या गव्हाला थंडी देऊन तो वसंतात पेरता येतो, यात तथ्य होते आणि ते त्याच्या आधीही इतरांना माहीत होते. परंतु हा बदल पुढील पिढ्यांत उतरतो, असा दावा त्याने केला. तो दावा गरीब शेतकऱ्याच्या भल्याच्या भाषेत होता. सत्तेला तो आवडला. जगभरातून पिकांची बियाणी गोळा करणारे निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी विरोध केला. १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांच्या संस्थेतील काही सहकारी उपासमारीने मेले. पण जपून ठेवलेले बियाणे त्यांनी खाल्ले नाही. १९४८ मध्ये लायसेन्कोच्या मताला अधिकृत मान्यता मिळाली आणि जनुकशास्त्राचे अध्यापन बंद पाडण्यात आले. उलट टोकाला जर्मनी: तेथे १९३३ मध्ये सदोष आनुवंशिकतेच्या नावाखाली माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. एकाने आनुवंशिकता नाकारली, दुसऱ्याने तिचे दैव बनवले. दोघांनीही आधी निष्कर्ष ठरवला आणि मग विज्ञानाला साक्षीला उभे केले. व्यासपीठावर आम्ही वेगळे काय केले होते?

पुढच्या सोमवारी परिपाठाला आम्ही मुलांसमोर उभे राहिलो. सांगितले, की सहा तारखेला आम्ही जे बोललो त्यातील एक गोष्ट चुकीची होती; ती आम्ही मागे घेतो, आणि ही चूक तुमच्यातीलच एकीने दाखवली. पटांगण शांत होते. मग पहिलीच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि सारेच वाजवू लागले. या टाळ्या आम्हांला पहिल्या टाळ्यांहून जड गेल्या.

त्या दिवशी आम्ही आणखी एक गोष्ट बोललो. ती येथे नोंदवतो, कारण आजही समाजमाध्यमांवर आपल्याच माणसांकडून अशी वाक्ये ऐकू येतात. बी कोरे निघते म्हणून माणसे समान आहेत, असेही कुणी म्हणू नये. एका रोपट्यावरून माणसाचा निकाल लावायचा नसतो, आपल्या विरुद्धही नाही आणि आपल्या बाजूनेही नाही. समतेला कोबीच्या साक्षीची गरज नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये, लाहोरला न होऊ शकलेल्या भाषणात, जातीने वंशशुद्धी राखली जाते या दाव्याची चिकित्सा करून तो फेटाळला. पण जातीचा अंत त्यांनी मागितला तो स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या मूल्यांच्या आधारावर. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही मागच्या जन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते, ही कल्पना त्यांनी नाकारली. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका म्हणून सांगितले. ते गुरुजींच्या भाषणालाही लागू आहे.

मग आजोबांचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचतच नाही काय? पोहोचते. पण त्याची वाट पेशीत शोधण्याआधी सातबाऱ्यावर शोधावी. कुणाच्या नावावर जमीन आहे, वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे, पाणी कुठून येते, आडनाव विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, कुणाच्या आईबापांना वर्षातील सहा महिने फडावर काढावे लागतात, या सगळ्यांतून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरते. ही दप्तरे माणसांनी बांधलेली आहेत. ती कायद्याने, शिक्षणाने आणि संघटनेने सोडवता येतात. काही सोडवली गेलीही आहेत. आपली शाळा हा त्याचा एक पुरावा. तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ आम्हांला या प्रसंगानंतर अधिक जवळून कळला: कारणे व परिस्थिती असतील तर गोष्ट घडते, ती बदलली तर ती थांबते. हे वाक्य निराशेचे नाही, कामाला लावणारे आहे.

पालकभेटीच्या दिवशी ती आजी आली. आम्ही तिला ओट्यावर बसवले आणि म्हणालो, "आजी, त्या दिवशी आम्ही चुकीचं बोललो. रक्तात काही लिहिलेलं नाही." तिने आमच्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "मला तर वाटलंच होतं. पण तुम्ही शिकलेले, म्हणून मानलं." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. शिकलेल्या माणसाच्या शब्दाला आपल्या समाजात केवढे वजन आहे आणि म्हणून तो किती मोजून टाकावा लागतो, हे तिने एका वाक्यात सांगितले.

ती मुलगी पुढे कृषी पदवीला गेली. मधूनमधून फोन करते. मागच्या हिवाळ्यात बोलताना विचारीत होती, "सर, कोबी लावलाय का यंदा?" लावला आहे, म्हणून सांगितले. बी याही वर्षी विकतच आणले. गड्डे चांगले धरले आणि फूल अर्थातच आले नाही. नववीच्या मुलांना वाफ्याकडे नेऊन आम्ही तोच प्रश्न विचारतो. उत्तर लगेच सांगत नाही. कुणी आमचे सांगणे खोडून काढील, या आशेने वाट पाहतो.

रौप्यमहोत्सवाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी मळ्याकडे एक चक्कर अवश्य टाकावी. संस्थेच्या पुढील वाटचालीस मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!